पाच सेकंद नेमके कधी सुरू होतात? रग्बीच्या ‘रक’मधील वेळकाढूपणा आणि पंचांसमोरील पेच

मुंबई : मेलबर्न क्रिकेट मैदानावर २६ जुलै २०२५ रोजी नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने झालेल्या रग्बी कसोटीचा निकाल अखेरच्या मिनिटातील एका रकवर ठरला. एके काळी २३-५ असा पिछाडीवर असलेला ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचा संघ शेवटच्या क्षणी ह्यूगो कीननच्या ट्रायमुळे २९-२६ असा जिंकला आणि त्याने मालिकाही खिशात घातली. मात्र त्या ट्रायच्या आधीच्या रकमध्ये लायन्सच्या जॅक मॉर्गनने चेंडूवर झुकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या कार्लो टिझानोला धडक देऊन बाजूला सारले होते. ही कृती नियमात बसते का, असा प्रश्न ऑस्ट्रेलियाने उपस्थित केला. इटलीचे पंच आंद्रेआ पियार्डी यांनी चित्रफीत पाहिली आणि ट्राय कायम ठेवली. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जो श्मिट यांनी खांद्याच्या रेषेवरील संपर्काला मनाई करणाऱ्या नियमाकडे बोट दाखवले, तर खेळाची सर्वोच्च संस्था असलेली ‘वर्ल्ड रग्बी’ पंचांच्या पाठीशी उभी राहिली.

वाद शमला, पण त्यामागचा प्रश्न शमलेला नाही. पंधरा खेळाडूंच्या रग्बीत एका सामन्यात दीडशेहून अधिक रक होतात आणि त्यांतील जवळपास प्रत्येक रकमध्ये कोणता ना कोणता नियम मोडला गेल्याचे दाखवून देता येते. सगळेच गुन्हे पकडायचे ठरवले तर खेळ पुढे सरकणार नाही. एकही पकडला नाही तर खेळाचे कुस्तीच्या आखाड्यात रूपांतर होईल. या दोन टोकांच्या मधली जागा पंच कशी निवडतो, यावर सामन्याचा वेग, निकाल आणि बऱ्याच अंशी खेळाडूंची सुरक्षितता अवलंबून असते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२७ मध्ये सुरू होणाऱ्या विश्वचषकात प्रथमच २४ संघ खेळणार आहेत. रग्बीची फारशी ओळख नसलेला नवा प्रेक्षक या स्पर्धेकडे वळावा, ही संयोजकांची आकांक्षा आहे. त्या प्रेक्षकाला रकचा हा गुंता समजावून सांगणे सोपे नाही.

रक म्हणजे काय?

चेंडू घेऊन धावणारा खेळाडू पकडला जाऊन जमिनीवर पडला की त्याने चेंडू सोडायचा असतो. पकड करणाऱ्यानेही त्याला सोडून तत्काळ बाजूला व्हायचे असते. जमिनीवरील त्या चेंडूवर दोन्ही संघांतील किमान एकेक खेळाडू पायांवर उभा राहून परस्परांना भिडला की रक तयार होतो. त्यानंतर चेंडूला नव्याने हात लावता येत नाही. प्रतिस्पर्ध्याला मागे रेटून चेंडू मिळवायचा असतो. रकमध्ये सामील होणाऱ्याने आपल्या बाजूने, मागूनच आले पाहिजे. इतर खेळाडूंनी रकमधील आपल्या शेवटच्या सहकाऱ्याच्या पायांमागे थांबले पाहिजे, अन्यथा ते ऑफसाइड ठरतात.

कागदावर हे सारे सुटसुटीत वाटते. मैदानावर मात्र शंभर-शंभर किलोंचे सहा-सात खेळाडू एका सेकंदात एकमेकांवर आदळतात. कोण आधी आला, कोणाचा हात चेंडूवर आधी पडला, कोण स्वतःहून पडला आणि कोणाला पाडले गेले, याचा निवाडा पंचाला धावता धावता करावा लागतो.

आक्रमक संघाला चेंडू तीन सेकंदांच्या आत बाहेर मिळाला तर त्याला सामान्यतः ‘जलद चेंडू’ मानले जाते. बचावफळीने रांग लावण्याआधीच पुढची चाल सुरू होते आणि मोकळी जागा सापडते. तोच चेंडू पाच-सहा सेकंदांनी मिळाला तर समोर चौदा जणांची भिंत उभी असते. त्यामुळे रकची दोन-तीन सेकंदे हीच खेळातील सर्वांत मौल्यवान वस्तू ठरते. २०२५ च्या महिला विश्वचषकात कॅनडाने याचा वस्तुपाठ दिला. रकमधून विलक्षण वेगाने चेंडू बाहेर काढत या संघाने उपांत्य फेरीत गतविजेत्या न्यूझीलंडला ३४-१९ असे नमवले. अंतिम सामन्यात इंग्लंडने हा वेग रोखला आणि ट्विकनहॅमवर ३३-१३ असा विजय मिळवत विश्वचषक पटकावला.

दोन प्रकारचा वेळकाढूपणा

रक संथ होण्याची कारणे दोन्ही बाजूंना आहेत आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिला वेळकाढूपणा बचाव करणाऱ्या संघाचा. पकड केल्यावर बाजूला होण्याऐवजी क्षणभर तिथेच पडून राहणे, उठताना ‘चुकून’ स्क्रम-हाफच्या वाटेत येणे, चेंडूवर झेपावताना हातांचा आधार जमिनीवर घेणे किंवा बाजूने शिरून गोंधळ घालणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार. यामागे साधा हिशेब असतो. आपल्या गोलरेषेजवळ गुन्हा केला तर शिक्षा पेनल्टीची, म्हणजे बहुधा तीन गुणांची. गुन्हा न केल्यास ट्राय आणि त्यानंतरची यशस्वी किक मिळून सात गुण जाण्याची भीती. तीन देऊन सात वाचवणे हा सौदा कोणत्याही प्रशिक्षकाला परवडतो. म्हणूनच वारंवार गुन्हा करणाऱ्या संघाला ताकीद आणि त्यानंतर दहा मिनिटांचे पिवळे कार्ड अशी तरतूद आहे. मात्र ताकीद नेमकी कितव्या गुन्ह्यानंतर द्यायची, हे पंचाच्या तारतम्यावर सोडलेले आहे.

दुसरा वेळकाढूपणा चेंडू ताब्यात असलेल्या संघाचा. रक जिंकला आहे, चेंडू शेवटच्या खेळाडूच्या पायाशी आहे, तरीही तो उचलला जात नाही. एकामागून एक खेळाडू मागून जोडले जातात आणि सुरवंटासारखी लांबलचक रांग तयार होते. या रांगेमुळे ऑफसाइडची रेषा मागे सरकते, प्रतिस्पर्धी दूर राहतो आणि स्क्रम-हाफला निवांत उंच किक मारता येते. आघाडीवर असलेल्या संघासाठी तर घड्याळ खाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो.

बूट गेले, शिट्टी आली

जुन्या पिढीतील खेळाडूंना आजचा रक परका वाटतो, यामागे इतिहास आहे. पूर्वी चेंडूवर आडवे पडून राहणाऱ्याला प्रतिस्पर्ध्यांचे बूट बाजूला सारत. न्यूझीलंडच्या फॉरवर्ड खेळाडूंची ख्याती या पद्धतीवरच उभी होती. पाठीवर बुटांच्या खिळ्यांचे व्रण उमटत, पण चेंडू झटपट बाहेर येई. ही शिक्षा क्रूर होती आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती बंद होणे अपरिहार्य होते. मात्र ती बंद झाल्यावर पडून राहणाऱ्याला हटवण्याची जबाबदारी पूर्णपणे पंचाच्या शिट्टीवर आली. पूर्वी जो न्याय खेळाडू जागच्या जागी करत, तो आता एका व्यक्तीने ३० खेळाडूंवर नजर ठेवून करायचा असतो.

सेकंद मोजण्याचा प्रयत्न २०१२-१३ च्या हंगामापासून सुरू झाला. रकमधील चेंडू स्पष्टपणे जिंकला गेला आणि खेळण्यास उपलब्ध झाला की पंच ‘यूज इट’, म्हणजे ‘चेंडू खेळा’, असा पुकारा करतात. त्यानंतर पाच सेकंदांत चेंडू रकबाहेर काढणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास प्रतिस्पर्ध्याला स्क्रम मिळतो.

इथेच घोडे पेंड खाते. पाच सेकंदांची मर्यादा निःसंदिग्ध असली तरी ती कोणत्या क्षणापासून मोजायची हे निःसंदिग्ध नाही. चेंडू ‘उपलब्ध’ झाला असे पंचाला वाटेपर्यंत मोजणी सुरूच होत नाही. पुकारा उशिरा झाला तर पाच सेकंदांचे सहज दहा-बारा होतात. पुकाऱ्यानंतरची मोजणीही पंचाच्या मनात होते, ती ना खेळाडूंना दिसते, ना प्रेक्षकांना. शिवाय शिक्षा म्हणून मिळणारा स्क्रम उभा राहून संपेपर्यंत बऱ्याचदा मिनिटभर जातो. वेळ वाया घालवल्याची शिक्षा म्हणून आणखी वेळ खर्ची पडावा, हा विरोधाभास नियमाच्या रचनेतच आहे.

भारतीय वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात आणि प्रो कबड्डीत ते घड्याळ सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचा किंवा बाद व्हायचे. वेळकाढूपणाला तिथे वावच उरत नाही. क्रिकेटनेही मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत दोन षटकांमधील अंतरासाठी ६० सेकंदांचे घड्याळ आणले. रग्बीने किकसाठी घड्याळ स्वीकारले, पण रक मात्र अजूनही पंचाच्या मनातल्या घड्याळावर चालतो.

तक्रारदार तोच, लाभार्थीही तोच

पंचांच्या या स्वेच्छाधिकाराची किंमत मोठ्या सामन्यांत अधिक ठळकपणे दिसते. २००७ च्या विश्वचषकात कार्डिफ येथील उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरवले. त्या सामन्याच्या अखेरच्या तासाभरात न्यूझीलंडला एकही पेनल्टी मिळाली नाही आणि तरुण इंग्लिश पंच वेन बार्न्स यांच्यावर संपूर्ण देश तुटून पडला. फ्रेंच बचावाने रकमध्ये मनमानी केली, अशी न्यूझीलंडची तक्रार होती.

चार वर्षांनी, २३ ऑक्टोबर २०११ रोजी ऑकलंडच्या ईडन पार्कवर, याच दोन संघांमध्ये अंतिम सामना झाला. न्यूझीलंडने तो ८-७ असा एका गुणाने जिंकला. त्याही सामन्यातील रकवर टीका झाली, पण या वेळी तक्रारदार फ्रान्स होता. दक्षिण आफ्रिकेचे पंच क्रेग ज्युबर्ट यांनी यजमानांचे रकमधील गुन्हे नजरेआड केले, असा फ्रेंच गोटाचा आरोप होता.

दोन्ही वेळी पंचांनी अप्रामाणिकपणा केला असे मानण्यास कोणताही आधार नाही. मोठ्या सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात ‘निकाल खेळाडूंनी ठरवावा, शिट्टीने नव्हे’ अशी भावना पंचांच्या मनात प्रबळ होणे स्वाभाविक आहे. मात्र शिट्टी न वाजवणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचा लाभ त्या क्षणी नियम वाकवणाऱ्यालाच होतो. रकविषयीची तक्रार कोणत्याही एका देशाची नाही. आज जो तक्रारदार असतो, तोच उद्या लाभार्थी असतो.

नियमाची अक्षरे आणि खेळाचा आशय

नियमांच्या अक्षरावर बोट ठेवून खेळ कसा उलटवता येतो, हे इटलीने २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅमवर दाखवले. इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात इटलीचे खेळाडू पकडीनंतर रकमध्ये सामील होण्याचेच टाळत राहिले. दोन्ही संघांचे खेळाडू भिडलेच नाहीत, तर रक तयार होत नाही. रकच नाही, तर ऑफसाइडची रेषाही नाही. इटलीचे खेळाडू उघडपणे इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. गोंधळलेल्या इंग्लिश खेळाडूंनी पंच रोमेन प्वात यांच्याकडे विचारणा केली, तेव्हा आपण पंच आहोत, प्रशिक्षक नाही, असे त्यांनी सुनावले. मध्यंतराला इटली १०-५ असा आघाडीवर होता. इंग्लंडने शेवटी ३६-१५ असा विजय मिळवला, पण त्याच वर्षी रकच्या व्याख्येत प्रायोगिक बदल झाला आणि ही पळवाट बंद करण्यात आली.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. इच्छा असेल तर नियामक संस्था काही महिन्यांत नियम बदलू शकते, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. बदल झाला तो एका लहान संघाने नियमाचे काटेकोर पालन करून मोठ्या संघाला कोंडीत पकडले तेव्हा. वर्षानुवर्षे सर्वच संघांकडून सुरू असलेल्या उल्लंघनाबाबत तितकी तत्परता दिसली नाही.

कठोर अंमलबजावणीचा प्रयोग २०२० मध्ये झाला. नवा नियम न करता अस्तित्वातील नियमच काटेकोरपणे लावावेत, अशी भूमिका वर्ल्ड रग्बीने घेतली. पकड करणाऱ्याने तत्काळ बाजूला व्हावे, येणाऱ्याने मागूनच यावे आणि चेंडू हिसकावणाऱ्याने तो उचलण्याचा खरा प्रयत्न करावा, हे मुद्दे अधोरेखित झाले. जूनमध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या सुपर रग्बी आओटेअरोआ स्पर्धेत त्यांची अंमलबजावणी झाली. सुरुवातीच्या सामन्यांत शिट्ट्यांचा सुकाळ झाला, प्रेक्षक वैतागले. नंतर संघांनी जुळवून घेतले. सक्ती टिकवली तर वर्तन बदलते, पण त्यासाठी सुरुवातीचे कंटाळवाणे आठवडे सोसावे लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले. प्रत्येक स्पर्धेचे संयोजक ते सोसायला तयार असतातच असे नाही.

वेगाची दुसरी बाजू

रक जलद झाला की सर्व प्रश्न सुटतील, असेही नाही. ८० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ३५ मिनिटे. हा काळ वाढला तर पकडी आणि धडकाही वाढतील. मेंदूला झालेल्या इजांबद्दल शेकडो माजी खेळाडूंनी नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात धाव घेतलेली असताना हा मुद्दा दुर्लक्षिता येणार नाही. चेंडूवर झुकलेला खेळाडू हा मैदानावरील सर्वांत असुरक्षित खेळाडू असतो. त्याला पिळून जमिनीवर फिरवण्याच्या ‘क्रोकोडाइल रोल’ या प्रकारावर १ जुलै २०२४ पासून बंदी आली ती गुडघे आणि घोट्याच्या गंभीर दुखापतींमुळेच.

वेगाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडेही सुरक्षिततेचाच युक्तिवाद आहे. खेळ संथ राहिला तर अवजड खेळाडूंना दम खायला वेळ मिळतो, प्रत्येक धडक पूर्ण ताकदीनिशी होते आणि संघबांधणीही वजनाकडे झुकते. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड निवडले आणि न्यूझीलंडला १२-११ असे हरवले. ताकदीचा खेळ हीच ज्या संघाची ओळख आहे, त्याला वेगाच्या नावाखाली होणारे बदल आपल्या शैलीवरील घाला वाटतात. त्याच स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेमसेने स्वतःच्या गोलरेषेजवळ मार्क पुकारून किकऐवजी स्क्रम मागितला होता. पुढच्याच वर्षी फ्री किकऐवजी स्क्रम निवडण्याची मुभा प्रायोगिक तत्त्वावर काढून घेण्यात आली.

नियमबदल कधीच तटस्थ नसतो. प्रत्येक सेकंदाच्या कपातीमागे कोणाचा तरी लाभ आणि कोणाचा तरी तोटा असतो. किकसाठीचे घड्याळ, स्क्रम व लाइनआउटसाठी ३० सेकंदांची मुदत, कन्व्हर्जनची वेळ ९० वरून ६० सेकंदांवर, रकच्या तळाशी असलेल्या स्क्रम-हाफला संरक्षण, असे उपाय २०२३ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने आले. त्यांतील बहुतेक उपाय रकच्या आजूबाजूचा वेळ वाचवतात. खुद्द रकमधील वेळेचा प्रश्न मात्र पुन्हा पंचाच्या पुकाऱ्यापाशीच येऊन थांबतो.

शिट्टीमागचा माणूस

या संदिग्धतेची सर्वांत मोठी किंमत पंच मोजतात. २०२३ च्या अंतिम सामन्याचे दूरचित्र पंच टॉम फोली यांनी स्पर्धेनंतर झालेल्या शिवीगाळ आणि धमक्यांमुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांतून माघार घेतली. त्याच सामन्यानंतर निवृत्त झालेल्या वेन बार्न्स यांनीही कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. ज्या निर्णयाला दोन तज्ज्ञ दोन वेगवेगळे अर्थ लावू शकतात, तो निर्णय चाहत्यांना पक्षपात वाटतो. नियम जितका धूसर, तितका तो लावणारा माणूस अधिक उघडा पडतो. त्यामुळे नियम स्पष्ट करणे ही केवळ प्रेक्षकांच्या करमणुकीची बाब नाही. पंचांच्या पुढच्या पिढीने हे काम स्वीकारावे का, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे.

भारतासाठी हा विषय दूरचा वाटला तरी तो तसा नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कलकत्ता चषकासाठी खेळतात, तो १८७८ मध्ये विसर्जित झालेल्या कलकत्ता फुटबॉल क्लबच्या शिलकीतील चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. मुंबईत जून २०२५ मध्ये सात खेळाडूंच्या संघांची रग्बी प्रीमियर लीग प्रथमच रंगली आणि चेन्नई बुल्सने विजेतेपद मिळवले. ऑगस्टमध्ये बिहारमधील राजगीर येथे झालेल्या २० वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धेत भारतीय मुलींनी कांस्यपदक जिंकले. सेव्हन्सच्या १४ मिनिटांच्या सामन्यात रकमधील प्रत्येक सेकंद अधिकच महाग असतो. तिथे घडणाऱ्या खेळाडूंप्रमाणेच पंचांच्या प्रशिक्षणातही ‘केव्हा पुकारायचे’ हा प्रश्न येणारच.

उपायांसाठी फार दूर जाण्याची गरज नाही. चेंडू जिंकला गेल्याचे दिसताच पुकारा करण्याची सक्ती, पाच सेकंदांची मोजणी हात उंचावून सर्वांना दिसेल अशी करणे, पुकाऱ्यानंतर रांग लांबवण्यास मनाई आणि स्क्रमऐवजी खेळ तत्काळ सुरू होईल अशी शिक्षा, यांपैकी काहीही अशक्य कोटीतील नाही. बचावाच्या वेळकाढूपणावर मात्र एकच इलाज आहे, तो म्हणजे पहिल्या मिनिटाला जो गुन्हा आहे, तो ऐंशीव्या मिनिटालाही गुन्हाच मानणे.

२०२७ च्या विश्वचषकाचा निकालही कदाचित शेवटच्या मिनिटातील एखाद्या रकवर ठरेल. त्या वेळी पंच शिट्टी वाजवतील किंवा वाजवणार नाहीत आणि दोन्ही शक्यतांत कोणीतरी नाराज होईल. ती नाराजी पूर्णपणे टाळता येणार नाही. मात्र पाच सेकंद नेमके कोणत्या क्षणापासून मोजले गेले, हे तरी मैदानातील प्रत्येकाला दिसले पाहिजे.